भिंतीपलीकडचा भाता

रज्जाकभाऊ, काल शनिवारी मी नेहमीच्या खोलीत मशीन लावलं आणि तिन्ही रेघा इतक्या शहाण्यासारख्या वागल्या की मला रागच आला. हृदयाचे ठोके आपल्या जागी, रक्तदाब आपल्या जागी, श्वास बिचारा निमूटपणे येतोय, जातोय. पाठ्यपुस्तकात असतात तशाच. कॉटवर झोपलेल्या माणसानं माझा चेहरा बघून विचारलं की काही बिघडलंय का. मी म्हटलं, नाही, सगळं अगदी बरोबर आहे. मग त्याच्या तारा काढल्या, बाहेर आले आणि तुमच्या दुकानाच्या बंद शटरसमोर जाऊन उभी राहिले.

बारा दिवस झाले तुम्हाला जाऊन. वडशाच्या त्या रस्त्यावर मला आता सगळे ओळखतात. पानठेल्यावरचा एक जण जवळ आला आणि हळूच म्हणाला, बाई, भाऊ आता नाई. मला ठाऊक नसेल असं वाटलं त्याला. चांगल्या मनानं सांगत होता, म्हणून मी मान डोलावली आणि त्याचे आभारही मानले.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही, त्यांना एवढंच सांगते की पूर्व विदर्भातल्या, आपल्या झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे ऑर्गन आणि पेट्या तुम्ही दुरुस्त करायचात, आणि मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात होऊ घातलेल्या डॉक्टरांना शरीर कसं चालतं ते शिकवते. तुमच्या-माझ्यामध्ये अर्ध्या विटेची एक भिंत होती. जन्म कधी, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे लिहायला दुसरे आहेत. मला एका खोट्याबद्दल लिहायचं आहे. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. ते सांगणारच आहे, पण आधी जरा हसून घेऊ. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईचा सूर उतरून राह्यला.

तुम्हाला आठवतं, आपली ओळख कशी झाली? वीस वर्षं एकच धडा शिकवून मला कंटाळा आला होता. ठोके, दाब आणि श्वास एकमेकांना कसे ओढतात हे फळ्यावर काढायचं आणि पुसायचं. वाटलं, एकदा आपल्या डोळ्यांनी बघू. माझी एक मैत्रीण वडशाला दवाखाना चालवते. धानाच्या बाजाराला, रेल्वेला, दूरदूरच्या जंगलातल्या गावांतून माणसं तिथं येतात. तिनं मागची खोली दिली आणि मी दर शनिवारी चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडीनं येऊ लागले. माणसाच्या छातीवर तारा, बरगड्यांभोवती श्वासाचा पट्टा आणि बोटाला एक छोटी पिशवी, जी दर ठोक्याला दाब सांगते. वीस मिनिटं गप्प पडून राहायचं, एवढंच काम. तिसऱ्याच आठवड्यात त्या पिशवीची हवा गळायला लागली. कंपनीला कळवलं तर ते म्हणाले, महिनाभर लागेल. मैत्रीण म्हणाली, शेजारी जा, ते हवेचंच काम करतात.

तुम्ही ती पिशवी हातात घेतलीत, साबणाच्या पाण्यात बुडवलीत, बुडबुडा कुठून येतो ते पाहिलंत आणि ऑर्गनच्या भात्याला लावता त्या पातळ चामड्याचं नखाएवढं ठिगळ चिकटवून दिलंत. मशीन कशाचं आहे हेही विचारलं नाहीत. मीच न राहवून सांगायला लागले, तर म्हणालात की हवा कुठून निघून राह्यली ते पाहायचं, बाकीच्याशी आपल्याला काय. ते ठिगळ अजून टिकून आहे, भाऊ. काल त्याच्यावरूनच दाब मोजला.

आणि मग माझा तो प्रसिद्ध शोध. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी जमिनीवर नव्हते. श्वास आत घेतला की ठोके किंचित घाई करतात, सोडला की सावकाश होतात. दाब वाढला की मानेतल्या रक्तवाहिन्या मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला आवर घालतो, दाब उतरतो, मग आवर सैल होतो. या निरोपांच्या ये-जा करण्यात काही सेकंद जातात, म्हणून दाबाची रेघ स्वतःच साधारण दहा सेकंदांनी हळूच हेलकावते. हे जगाला माहीत होतं. पण वडशाच्या त्या खोलीत हा हेलकावा एवढा मोठा दिसायचा की रेघ पडद्याबाहेर जाते की काय असं वाटायचं. धानाचा व्यापारी असो, हमाल असो, कुरखेड्याकडची बाई असो, सगळ्यांचा तसाच. माझ्या चंद्रपूरच्या पोरापोरींमध्ये तो औषधालाही सापडत नव्हता.

झालं. मी सिद्धांत मांडला. जंगलात चालणारी, मोह आणि तेंदू वेचणारी, सावकाश जगणारी ही माणसं. यांच्या हृदयाचं आणि दाबाचं आपसांत जमतं, तसं शहरवाल्यांचं जमत नाही. पानंच्या पानं लिहिली. नागपूरच्या एका मोठ्या सभेत ते मांडायचं बोलावणं आलं. वीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. घरी, कॉलेजात, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला, सगळ्यांना मी सांगून टाकलं होतं. माझी छाती इतकी फुगली होती की तिचाच दाब मोजायला हवा होता.

सभेला तीन आठवडे राहिले असताना कॉलेजची परीक्षा शनिवारी आली, म्हणून मी एकदा शुक्रवारी वडशाला आले. चार माणसं मोजली. एकातही हेलकावा नाही. होता तो एवढासा, चंद्रपूरसारखा. मी तारा बदलल्या, पट्टा बदलला, खोलीचा पंखा बंद केला. काही नाही. पुढच्या शनिवारी अख्खं मशीन उचलून तुमच्या काउंटरवर आदळलं आणि म्हटलं, तुम्ही लावलेलं ठिगळच गळतंय. तुम्हाला लागलं ते. हातातलं काम बाजूला ठेवून तुम्ही एकेक नळी साबणाच्या पाण्यातून काढलीत. बुडबुडा म्हणून आला नाही. मशीन ठणठणीत आहे म्हणालात. मी मानेना. मग तुम्ही पेचकसाच्या मुठीनं डोकं खाजवलंत आणि विचारलंत, बिघडलं तो वार कोणता होता.

मी म्हटलं, शुक्रवार.

"शुक्रवारी मी दुकान नाई उघडत ना वो बाई," तुम्ही म्हणालात.

मला काही कळलं नाही, म्हणून मी आणखी चिडले. लोकांच्या हृदयाचा आणि तुमच्या जुम्म्याच्या सुट्टीचा काय संबंध, असं काहीसं बोलले. तुम्ही समोरच्या ऑर्गनवर बसलात आणि तुमची रोजची परीक्षा सुरू केलीत. चार आकडे मोजेपर्यंत पाय मारून भाता भरायचा, मग पाय उचलायचे आणि एकच सूर सहा आकडे धरायचा. सहाच्या आत सूर ढिला पडला तर भात्याला भोक. नाही पडला तर पुढची पट्टी. दिवाळीआधी कंपन्यांचे ऑर्गन आले की दिवसभर तुमचं हेच चालायचं, आणि भिंतीपलीकडे मी ते इतकं ऐकलं होतं की मला ऐकूच येईनासं झालं होतं. मी कमरेवर हात ठेवून भांडायला उभी होते, आणि उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की तुमचे पाय चालले की माझा श्वास आत जातोय, आणि सूर लागला की बाहेर येतोय.

त्याच दुपारी जंगलातल्या एका गावाहून समरीबाई आल्या होत्या, नवऱ्याला दवाखान्यात दाखवायला. झोपा म्हटलं तर झोपल्या. मी भिंतीवर एकदा ठोकलं की तुम्ही सुरू करायचं, दोनदा ठोकलं की थांबायचं, असं ठरलं. एकदा ठोकलं. मिनिटभरात दाबाची रेघ झोपाळ्यासारखी वर-खाली जायला लागली आणि तिच्यामागे ठोके. दोनदा ठोकलं. झोपाळा हळूहळू थांबला. परत एकदा. परत झोपाळा. दाबाचा स्वतःचा हेलकावा दहा सेकंदांचा, तुमचा एकेक आकडा सेकंदाचा आणि परीक्षा चार अधिक सहा. श्वास नेमका त्याच वेळेवर येत होता, म्हणून एकावर एक लाटा चढत होत्या. मी समरीबाईंना विचारलं, तुम्ही मुद्दाम तसा श्वास घेत होता का?

"बाजा भरला का घ्याव वाटे, रिता झाला का सोडाव वाटे. मी काई नाई केलं, बाई," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं की त्या बाजावाल्याला एकच सूर येतो का.

ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. मी मात्र तुमच्या स्टुलावर बसून रडले. जंगल नाही, मोह नाही, सावकाश जगणं नाही. वीस वर्षांनी लागलेला माझा शोध म्हणजे ऑर्गनची दुरुस्ती निघाली. असली चूक जगात फक्त वडशालाच होऊ शकते. तुम्ही दोन चहा सांगितलेत आणि चहा येईपर्यंत उरलेल्या पट्ट्या तपासत राहिलात, कारण संध्याकाळी कंपनीची गाडी येणार होती. मग मधेच मान वर करून म्हणालात, "रडता काऊन? मानसं खरोखर श्वास घेऊन राह्यली होती ना?"

या एका वाक्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे, हे तुम्हाला कधी म्हणाले नाही. रेघा खऱ्या होत्या. माणसं खरी होती. फक्त कारण माझं नव्हतं. मी विचारलं, चार आणि सहाच का? तर कळलं की ते तुमच्या वडिलांनी ठरवलेलं. नाटकातल्या पदाची एक ओळ गाणारा जेवढ्या दमात म्हणतो, तेवढा वेळ भात्यानं टिकायला हवं, नाहीतर ऐन ओळीत नट उघडा पडतो. वडिलांनी नटांचा श्वास ऐकून ते माप धरलं होतं. म्हणजे माणसाच्या दमावरून बाजा बांधला, आणि बाजा ऐकून परत माणसं दम घ्यायला लागली. मी डोळे पुसले आणि वही मागितली. तुम्ही मला दुरुस्तीच्या पावत्यांचं पुस्तक दिलंत, त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी नवा लेख सुरू केला.

नागपूरला जायचं नाही असंच मी ठरवलं होतं. चूक झाली म्हणून सांगायला कोण जातं? तुम्ही म्हणालात, मी येतो संगं. आणि खरंच आलात, पांढरा झब्बा घालून, मांडीवर पेटी घेऊन. एसटीचा कंडक्टर म्हणाला, ती पेटी वर टाका. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं त्याला सांगितलंत की तिला दम्याचा आजार आहे, वर ठेवता येत नाही. त्यानं विश्वास ठेवला की कंटाळला कोण जाणे, पण उमरेडपर्यंत तो पेटीकडे वळून वळून बघत होता.

सभेत मी आधी माझा सिद्धांत सांगितला, सगळा, मोहासकट. मग तो का खोटा ते सांगितलं. मग एका तरुण डॉक्टरला तारा लावून खुर्चीवर बसवलं आणि तुम्ही पेटी उघडलीत. चार आकडे भाता, सहा आकडे सूर. पडद्यावर झोपाळा हलायला लागला. मी म्हटलं, आता पडद्याकडे नका बघू, स्वतःकडे बघा. पहिल्या तीन ओळींतले लोक एकदम हसले, कारण तेही श्वासानं तुमच्याबरोबर आले होते. मागच्या ओळीत एक ज्येष्ठ प्राध्यापक झोपले होते आणि मला खात्री आहे, त्यांचा श्वास सगळ्यांत चांगला जुळला होता. शेवटी कुणीतरी तुम्हाला तुमचं शिक्षण विचारलं. सातवीपर्यंत शाळा, मग भाता, असं तुम्ही म्हणालात आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या तुम्हाला होत्या हे मला तेव्हा थोडं खुपलं होतं. हेही आज सांगून टाकते.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये जे भांडण सुरू झालं ते काही आपण संपवलं नाही. तुमचं म्हणणं, ठोके, दाब आणि श्वास या तिघांत कुणीतरी एक मालक असलाच पाहिजे. कुणीतरी पहिला पाय मारल्याशिवाय बाजा वाजत नाही. आणि तो श्वास. मी म्हणायचे, मालक कुणी नाही, प्रत्येक जण दुसऱ्या दोघांचं ऐकून वागतो. श्वास ठोक्यांना ओढतो, ठोके दाबाला, दाब पुन्हा ठोक्यांना, आणि कधी कधी श्वासालाही. तुम्ही म्हणायचात, बिनामालकाचं दुकान मी पाहिलं नाही. मी तुमच्या बायकोकडे, शमीमभाभींकडे बघायचे आणि विचारायचे, तुमच्या घरात मालक कोण? भाभी हसायच्या आणि आत निघून जायच्या. तुम्ही म्हणायचात, हे उदाहरण चालणार नाही. किती शनिवार गेले या वादात. मला तो जिंकायचा होता, पण संपवायचा नव्हता.

आणि या सगळ्यात तुम्ही स्वतः कधी त्या कॉटवर झोपला नाहीत. किती वेळा म्हटलं. मिस्त्रीचं मशीन उघडायचं नसतं, असं म्हणून टाळायचात. गेल्या मे महिन्यात, उन्हाचा कहर असताना, तुम्ही रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्यांवर धाप लागून दोनदा बसलात असं भाभींनी मला सांगितलं. त्या शनिवारी मी तुम्हाला दटावून झोपवलं. भिंतीपलीकडे पहिल्यांदाच शांतता होती.

तुमची श्वासाची रेघ मी आयुष्यात विसरणार नाही. श्वास लहान, मग मोठा, आणखी मोठा, मग लहान लहान होत गेला आणि थांबला. मी मोजत राहिले. मग पुन्हा लहानसा सुरू झाला. दाबाची रेघ त्याच्यामागून, उशिरा, वर-खाली होत होती. हे चित्र मी वीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. हृदय थकलं की रक्त सावकाश पोचतं, मग मेंदूला मिळणारी खबर शिळी असते. तो जुन्या खबरीवरून श्वास वाढवतो, आणि नवी खबर पोचेपर्यंत गरज उरलेली नसते, म्हणून थांबवतो. तुम्ही उठून पडद्यासमोर बसलात आणि समजावून सांगा म्हणालात. मी सांगितलं, अगदी वर्गात सांगते तसं. तुम्ही ऐकलंत, रेघेवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "म्हंजे भात्याले भोक नाई. सारे हजर हायत. निरोप उशिरा पोचून राह्यला." माझ्या एकाही विद्यार्थ्यानं हे इतकं नीट सांगितलेलं नाही.

मग मी तुम्हाला नागपूरच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. त्यांनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की फार उशीर झाला आहे, औषधांनी आराम पडेल, पण वर्ष काढलं तर नशीब. तुम्हीच सांगा त्यांना, म्हणाले, तुमचं ऐकतील. परत येताना गाडीत तुम्ही विचारलंत, आणखी किती सीझन? झाडीपट्टीतला माणूस दिवाळीपासून होळीपर्यंतच्या नाटकांवरच आयुष्य मोजतो. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, दोन-तीन तर सहज.

हेच ते खोटं. ज्या बाईनं भर सभेत स्वतःची चूक सांगितली, तिला एका माणसाला त्याच्या हक्काची गोष्ट सांगता आली नाही. मी स्वतःला समजावत राहिले की औषधं लागू पडताहेत, तुमचा चेहरा उजळतोय, आता कशाला. ते तुमच्यासाठी नव्हतं, भाऊ. तुमच्याशिवायचे शनिवार मला डोळ्यांसमोर आणायचे नव्हते.

आणि तुम्ही काय केलंत, तर पावसाळा संपायच्या आत कंपन्यांना निरोप धाडलेत, बाजे लवकर आणा म्हणून. दरवर्षी तुमची शेवटची पेटी दिवाळीच्या आदल्या दिवशी, कंपनीची गाडी दारात उभी असताना तयार व्हायची. यंदा दसऱ्यालाच दुकान रिकामं. मी चेष्टा केली की औषधांनी तुम्हाला शिस्त लागली. मग सगळा हिवाळा तुम्ही नाटकं बघत फिरलात. तुम्हीच मला सांगितलंत की चाळीस वर्षांत एकही नाटक समोर बसून पाहिलं नव्हतं, कायम विंगेत, ऑर्गनशेजारी, नटांच्या पाठी बघत. यंदा भाभींना घेऊन पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलात. प्रत्येक शनिवारी मला गोष्ट ऐकवायचात, अगदी रंगवून. एका नाटकात राजाच्या मिशीचा एक भाग गळून पडला आणि त्यानं उरलेला प्रवेश तोंडावर हात ठेवून, विचारात पडल्यासारखा केला. तुम्ही ते उभं राहून करून दाखवलंत. मी म्हटलं, खाली बसा, दम लागेल. भाभी म्हणाल्या, करू दे वो त्यायले.

महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा होती त्या आठवड्यात भाभींचा फोन आला. मी दुपारच्या गाडीनं आले. तुम्ही दुकानामागच्या खोलीत, पाठीशी तीन उशा लावून बसला होतात. खिडकीतून ऊन येत होतं. मला पाहून पहिलं काय म्हणालात, तर उशीर केला, जत्रेतला पेठा संपला. दोघंही हसलो. मग तुमचा श्वास लहान झाला, थांबला, आणि मी सवयीनं मोजायला लागले.

तुमचा श्वास परत आला आणि तुम्ही बोललात. "उन्हाळ्यात तुमी दोन-तीन सीझन म्हनले ना, बाई. ते म्हनाच्या आगुदर तुमचा श्वास अटकला होता. मी ऐकला."

इतके महिने तुम्हाला माहीत होतं? मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"तुमाले वाईट वाटलं असतं," तुम्ही म्हणालात. मग थांबत थांबत, दोन श्वासांच्या मध्ये जागा मिळेल तसं, सांगितलंत की म्हणूनच सगळे बाजे दसऱ्याच्या आत हातावेगळे केले आणि भाभींना पहिल्या रांगेत नेलं. लय मजा आली, असंही म्हणालात, आणि ते खोटं नव्हतं, कारण ते म्हणताना तुमचा श्वास कुठेच अडला नाही.

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. तुमचा हात हातात घेतला आणि तुमचे थांबे मोजणं सोडून दिलं. चार आकडे सावकाश श्वास आत घेतला, सहा आकडे सोडला, तुम्हाला ऐकू येईल असा. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. थोड्या वेळानं तुम्ही माझ्याबरोबर आलात. मधले ते भयंकर थांबे नाहीसे झाले. कोण कुणाबरोबर चाललंय हे मला सांगता आलं नसतं आणि ते शोधून काढावंसंही वाटलं नाही. तुमच्या चेहऱ्यावर एवढी निवांत खुशी होती की मला हसू आलं.

शमीमभाभी चहा घेऊन आल्या. आपल्याला तसं बसलेलं पाहून दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, दोघंबी गप काऊन बसले?

"गप कुठी?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात. "बोलून राह्यलो ना."

भाभी कप खाली ठेवून तुमच्या पायाशी बसल्या, आणि चहा पार थंड होईपर्यंत आपण तिघं बोलत राहिलो.